बाबांना पाणी मोजून देताना

पत्राचा सारांश: वडिलांची देखभाल एकटीने करणाऱ्या एका मुलीचं हे पत्र आहे. नाव-गाव गाळून ते इथे देत आहोत. वडील सत्तरीतले. आई गेल्यापासून ते खचलेले होते, म्हणून एका डॉक्टरांनी उदासीवरची गोळी सुरू केली होती. पुढे काही आठवड्यांनी ते असंबद्ध बोलू लागले, चालताना तोल जाऊन पडले. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा रक्तातलं सोडियम ११८ निघालं. काही दिवस तिथे काढून १२८ वर घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर निदान आहे ‘एसआयएडीएच’ (शरीरात पाणी साठवायला लावणारं हार्मोन गरज नसतानाही स्रवत राहण्याचा आजार) आणि खाली सूचना आहे, दिवसभरात सगळं मिळून एक लिटरपेक्षा जास्त पातळ घ्यायचं नाही.

तेव्हापासून घरात पाण्यावरून रोज भांडण. बाबा हात जोडून पाणी मागतात. एकदा ते न्हाणीघरातल्या नळाला तोंड लावून पाणी पिताना दिसले. मुलीने नळाचा कॉक बंद केला आणि त्या दिवसापासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत. परगावचा भाऊ रोज फोनवर विचारतो, ‘म्हातारपणी माणसाला तहानलेलं ठेवायचं का?’ आत्यालाही ‘हार्मोनचाच’ आजार आहे, तिचा चेहरा सुजलेला असतो, पण तिला कुणी पाणी कमी करायला सांगितलेलं नाही. बाबांच्या अंगावर तर सूजही नाही. ‘मग डॉक्टरांचं काही चुकत तर नाही ना? मीठ कमी आहे तर मीठ घातलेलं पाणी दिलं तर चालेल का? मी डॉक्टरांचं ऐकू की बाबांचं?’ असं ती विचारते.

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना सगळ्यात आधी जाणवली ती तुमची दमणूक. आजारी माणसाला औषध देणं सोपं असतं, कारण तिथे आपण काहीतरी देत असतो. इथे रोज नाही म्हणायचं आहे, तेही ज्या वडिलांनी तुम्हाला कधी कशाला नाही म्हटलं नसेल त्यांना. मी अनेक वर्षं मेडिसिन वॉर्डात परिचारिका म्हणून काम केलं आहे. पाणी मोजून द्यायची वेळ येते तेव्हा रुग्णापेक्षा त्याच्या नातेवाइकांचा चेहरा जास्त कोमेजलेला असतो, हे मी पाहत आले आहे.

पण ‘डॉक्टरांचं ऐकू की बाबांचं’ या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. त्या प्रश्नाखाली काही समजुती आहेत, त्या आधी तपासून पाहू. त्या तुमच्या एकटीच्या नाहीत, घरोघरी असतात.

पहिली समजूत सुजेची. बाबांच्या अंगावर सूज नाही म्हणजे पाणी साठलेलं नाही, असं तुम्हाला वाटतंय. बाबांच्या आजारात सूज दिसत नाही, हेच त्याचं लक्षण आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून एक हार्मोन रक्तात येतं, त्याला एडीएच म्हणतात. शरीरात पाणी कमी पडलं की ते मूत्रपिंडाला सांगतं, लघवीतून पाणी जाऊ देऊ नकोस, परत आत घे. पाणी पुरेसं झालं की ते थांबायला हवं. बाबांच्या बाबतीत ते थांबत नाही. पाणी पुरेसं असूनही मूत्रपिंडाला ‘अजून साठव, अजून साठव’ असा निरोप जातच राहतो. प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, लघवी थोडी आणि गडद होते. १९५७ साली श्वार्ट्झ आणि बार्टर या अमेरिकन डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांमध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. (कर्करोगाचं नाव वाचून दचकू नका. या आजाराची कारणं पुष्कळ असतात, त्याकडे पुढे येते.)

साठलेलं हे पाणी पायात उतरून बसत नाही. ते सगळ्या शरीरभर पसरतं आणि त्यातला मोठा हिस्सा पेशींच्या आत जातो. शिवाय शरीर लघवीवाटे थोडं मीठही सोडत राहतं, त्यामुळे पेशींच्या बाहेर पाण्याचा फुगवटा होत नाही. म्हणून बाबांच्या नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडणार नाही. पेशी मात्र आतून फुगतात. इतर अवयवांना फुगायला जागा असते, मेंदूला नसते. तो कवटीत बंद आहे. बाबा असंबद्ध बोलू लागले, त्यांचा तोल गेला, ते त्यामुळेच. तेव्हा डोळ्यांना सूज दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बाबांच्या आजारात काय चाललंय ते वजनकाटा, लघवीचं माप आणि रक्ताचा रिपोर्ट सांगतील.

आता मिठाचं. रक्तात सोडियम साधारण १३५ ते १४५ असायला हवं, बाबांचं १२८ आहे, म्हणजे मीठ कमी पडलं, असा तुमचा हिशेब. हिशेब साहजिक आहे, पण तो उलटा लावायला हवा. मीठ घातलेल्या पाण्यात आणखी एक तांब्याभर पाणी ओतलं तर खारटपणा उतरतो, मीठ तेवढंच राहतं. बाबांचं नेमकं हेच झालं आहे. मिठाचं पाणी द्याल तर त्यातलं मीठ त्यांचं मूत्रपिंड थोड्याशा गडद लघवीतून बाहेर टाकील आणि पाणी मात्र अंगातच ठेवून घेईल. या आजारात नेहमीचं सलाईन लावूनही कधी कधी सोडियम वर येण्याऐवजी खाली जातं, ते याच कारणाने. म्हणून घरगुती मीठपाणी नको, अगदी चमचाभर मिठाचंही नको. जेवणात मात्र मीठ तोडायची गरज सहसा नसते. उलट पुरेसं मीठ आणि प्रथिनं पोटात गेली तर त्यांच्याबरोबर लघवीतून जास्त पाणी बाहेर पडतं. बाबांना रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आत्याचा आजार वेगळा आहे. तुम्ही पत्रात ‘हार्मोनचाच’ असा शब्द वापरलाय, पण सगळे हार्मोनचे आजार एका माळेतले नसतात. आत्यांना थायरॉईड कमी असण्याचा त्रास असावा, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. थायरॉईड खूप कमी झालं की त्वचेखाली एक चिकट द्रव्य साठतं आणि ते पाणी धरून ठेवतं. चेहरा आणि पापण्या फुगलेल्या दिसतात, दाबलं तर खळगा पडत नाही. तिथे पाणी कमी करून काही साधत नाही, रोज उपाशीपोटी नियमाने थायरॉईडची गोळी घेतली की सूज हळूहळू उतरते. (लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये आणि या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायला आत्यांना आवर्जून सांगा. बरेच जण सगळ्या गोळ्या एकदम घेतात आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणतात.)

हे वाचणाऱ्यांत इतर आजारांच्या रुग्णांची काळजी घेणारेही असतील, त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते. दमा, संधिवात वगैरेंसाठी दीर्घकाळ स्टेरॉईड घेणाऱ्यांच्या किंवा शरीरातच कॉर्टिसॉल हे स्टेरॉईड हार्मोन जास्त तयार होणाऱ्या कुशिंग आजाराच्या रुग्णांच्या अंगात मीठ आणि पाणी दोन्ही साठतं. चेहरा गोल होतो, रक्तदाब आणि साखर चढते, पोटॅशियम उतरतं. त्यांना जेवणातलं मीठ कमी करावं लागतं. त्यांची त्वचा इतकी पातळ होते की चिकटपट्टी ओढून काढली तरी सोलवटते, म्हणून त्यांना उचलताना हाताला धरून ओढायचं नाही, अंगाखाली चादर घालून सरकवायचं. आणि सूज आली म्हणून स्टेरॉईडची गोळी मनाने बंद करायची नाही, कधीच नाही. अचानक बंद केल्याने जीव जाऊ शकतो. ॲडिसनच्या आजारात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल पुरेसं बनवतच नाहीत. तिथेही सोडियम कमी निघतं, अगदी तुमच्या बाबांसारखं, पण तिथे शरीर मीठ आणि पाणी दोन्ही गमावत असतं. त्या रुग्णाचं पाणी तोडलं तर तो कोसळेल. डायबेटिस इन्सिपिडस नावाच्या आजारात एडीएच कमी पडतं, लघवीवाटे लिटरच्या लिटर पाणी जातं आणि रुग्णाला मागेल तेवढं पाणी द्यावंच लागतं.

एकाच्या घरचा नियम दुसऱ्याच्या घरी लावला तर किती घात होऊ शकतो, ते यावरून कळेल. दादांना हे सांगा. आत्याला चालतं म्हणून बाबांना चालेल, हा युक्तिवाद इथे लागू होत नाही.

मग डॉक्टरांचं चुकत नसेल ना, हा तुमचा प्रश्न उरतो. मी डॉक्टर नाही, तुमच्या बाबांना तपासलेलं नाही. पण त्यांच्या पुढ्यात काही नेमके प्रश्न ठेवायला तुम्हाला मदत करू शकते. एसआयएडीएच हे निदान पक्कं करण्याआधी थायरॉईड आणि कॉर्टिसॉल तपासून ते ठीक आहेत ना, हे पाहायचं असतं. डिस्चार्ज कार्डासोबतच्या कागदांत हे दोन रिपोर्ट आहेत का ते शोधा, नसतील तर विचारा. त्याहून महत्त्वाची ती उदासीवरची गोळी. या प्रकारच्या बऱ्याच गोळ्यांनी, विशेषतः वयस्कर माणसांत आणि सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत, सोडियम उतरू शकतं. आकडीवरच्या कार्बामाझेपीनसारख्या काही गोळ्यांनीही असं होतं. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही लघवीच्या गोळ्याही सोडियम उतरवतात. न्यूमोनिया, क्षयरोग, डोक्याला मार, पक्षाघात, फुप्फुसातली गाठ हीही कारणं असू शकतात.

गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांनी बाबा बिघडले, हा क्रम तुम्ही स्वतःच पत्रात लिहिला आहे. तो रुग्णालयातल्या डॉक्टरांना कुणी सांगितला का? बाबा त्या वेळी भानावर नव्हते, तुम्ही घाबरलेल्या होतात, गोळी दुसऱ्या डॉक्टरांची. अशा वेळी ही माहिती दोन फायलींच्या मधे हरवू शकते. ती गोळी आज मनाने थांबवू नका, काही गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असे त्रास होतात आणि उदासीही उसळू शकते. पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्यांची यादी या आठवड्यातच द्या. या आजाराचं कारण ती गोळी असेल आणि ती बदलता आली, तर बाबांवरचं पाण्याचं बंधन कदाचित कायमचं राहणार नाही.

आता तहानेकडे येते.

बाबा नाटक करत नाहीत आणि हट्टही करत नाहीत. या आजारात मेंदूतली तहानेची जाणीवही बिघडते. एरवी रक्त इतकं पातळ झाल्यावर तहान मरायला हवी, पण ती मरत नाही, म्हणून माणूस पाणी मागत राहतो. त्यात तोंडाला कोरड पडते, आणि औषधांनी ती आणखी वाढू शकते. नळाला तोंड लावण्याइतकी ती खरी आहे. म्हणून ‘तुम्हाला तहान लागायचं काही कारण नाही’ असं त्यांना कधीही म्हणू नका. म्हणा, ‘तहान लागते हे मला ठाऊक आहे, ती कशी भागवायची ते आपण दोघं बघू.’

तहानेचा मोठा भाग तोंडातल्या कोरडेपणाचा असतो आणि त्यावर पाणी न पिताही बरंच करता येतं. दर दोन-तीन तासांनी मऊ ब्रशने दात आणि जीभ साफ करायची, गार पाण्याने खळखळून चूळ भरून टाकायची. बाबांना चूळ टाकायचं भान आहे ना, ते आधी बघा. अल्कोहोल असलेलं माउथवॉश आणू नका, त्याने तोंड आणखी सुकतं. ओठांना व्हॅसलीन लावा. बिनसाखरेची आंबट गोळी चघळली की लाळ सुटते, पण ठसका लागत असेल किंवा बाबा पेंगत असतील तर गोळी नको. पाणी गार दिलं तर थोडक्यात समाधान होतं. बर्फाचा लहान खडा तोंडात धरला तर एका घोटापेक्षा जास्त वेळ पुरतो. मापात कपभर बर्फ म्हणजे साधारण अर्धा कप पाणी धरायचं. खूप खारट, खूप तिखट, खूप गोड खाल्ल्यावर तहान भडकते, तेव्हा जेवणातलं नेहमीचं मीठ ठेवा पण वरून खारवलेलं काही नको. आणि खोली कोंदट, तापलेली असेल तर आधी हवा खेळती करा.

पाणी देताना मोठा ग्लास अर्धा भरून देऊ नका. अर्धा ग्लास पाहिला की माणसाला उरलेला अर्धा दिसतो. शंभर मिलीचा छोटा कप घ्या आणि तो काठोकाठ भरून द्या. दिवसभरात असे दहा कप. चहा, दूध, सूप, ताक, सरबत, गोळीबरोबरचं पाणी, आइस्क्रीम, सगळं या दहांत धरायचं. बऱ्याच घरांत इथेच हिशेब बिघडतो, पाणी मोजलं जातं आणि चहा सुटतो. दिवसातून चार वेळा नुसत्या गोळ्यांसाठी पाणी खर्च होत असेल तर त्या जेवणाबरोबर घेता येतील का हे विचारून घ्या, म्हणजे दोन-तीन कप बाबांच्या मर्जीसाठी मोकळे राहतील.

त्यांच्या मर्जीसाठी, हे शब्द मी मुद्दाम वापरले. तुमच्या पत्रातलं भांडण पाण्यावरून दिसतं, पण माझ्या मते ते पाण्याचं नाही. बाबांच्या घरात, बाबांच्या तहानेवर, निर्णय सगळे तुमच्याकडे गेले आहेत. किती प्यायचं हे डॉक्टरांनी ठरवलं, कधी प्यायचं हे तुम्ही ठरवता. पहिलं बदलता येणार नाही. दुसरं आजच बदलता येईल. सकाळी दहा कपांचं पाणी झाकणाच्या बाटलीत भरून बाबांच्या हवाली करा आणि सांगा, हे तुमचं, कसं वापरायचं ते तुम्ही ठरवा. चहा हवा असेल तर तेवढं बाटलीतून कमी करायचं. सकाळी उठल्यावर दोन कप हवेत की रात्रीसाठी एक राखून ठेवायचा, ते बाबांनी ठरवायचं. अर्थात हे ते भानावर असतील तरच. सोडियम १२८ असताना बहुतेक माणसं साधा हिशेब करू शकतात, पण विसर पडतो, म्हणून बाटलीवर खुणा करा आणि शेजारी वही ठेवा. पहिले काही दिवस बाटली दुपारीच रिकामी होईल. तेव्हा रागावू नका. संध्याकाळी चुळांवर निभवा, दुसऱ्या दिवशी बाबाच वेगळी वाटणी करतील.

नळाचा कॉक उघडा. मला माहीत आहे, हे वाचून तुम्ही घाबराल. पण बंद कॉकने पाणी थांबत नाही, पाणी चोरून प्यायलं जातं आणि तुम्हाला कळत नाही. तेच जास्त धोक्याचं. बाबांना मोकळेपणाने सांगा, कधी राहवलं नाही आणि जास्त प्यायलात तर मला सांगा, मी ओरडणार नाही, फक्त लिहून ठेवू. आणि मग खरंच ओरडू नका. एक कप जास्त प्यायल्याने आभाळ कोसळत नाही, रोज न कळता अर्धा-एक लिटर जास्त जाणं हे घातक.

न कळता गेलेलं पाणी पकडायला पहारा लागत नाही, वजनकाटा लागतो. रोज सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्या-पिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एका दिवसात वजन किलोभर वाढलं तर ते जेवणाने वाढलेलं नसतं. काट्याला विचारलं की बाबांना ‘तुम्ही चोरून प्यायलात का’ असं विचारावं लागत नाही, आणि हा प्रश्न घरातून गेला की बोलणं परत सुरू व्हायला वाव मिळतो. वजन बाबांनी स्वतः वाचावं आणि स्वतः वहीत लिहावं. लघवीसाठी खुणा असलेलं भांडं ठेवा, दिवसभराची बेरीज लिहा. डायपर असेल तर कोरड्या आणि ओल्या डायपरच्या वजनातला फरक काढा, एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. रुग्णालयात याला इनटेक-आउटपुट चार्ट म्हणतात. घरी साध्या वहीची पानं पुरतात: तारीख, वजन, प्यायलेलं, लघवी, आणि बाबा आज कसे होते याची एक ओळ. ती शेवटची ओळ टाळू नका. ‘आज वर्तमानपत्र उलटं धरलं होतं’ अशी नोंद डॉक्टरांना आकड्यांइतकीच उपयोगी पडते.

तुमच्यापुढे पर्याय काय आहेत ते पाहू. बाबांचं ऐकून बंधन सोडून द्यायचं, हा एक. भाऊ तेच सुचवतोय. त्याने घरात दोन दिवस शांतता नांदेल, पण सोडियम पुन्हा ११८ कडे घसरलं तर पडणं, आकडी, बेशुद्धी यांची जोखीम बाबांच्या अंगावर येईल. तो मी सुचवणार नाही. पहारा आणखी कडक करायचा, पाणी कुलपात ठेवायचं, हा दुसरा. त्याने सोडियम सुधारेलही, पण बाप-लेकीत जे उरलं आहे तेही तुटेल. शिवाय बाबा आधीच उदास आहेत, हे विसरून चालणार नाही. मदतनीस ठेवणं हा पर्याय मला बरा वाटतो, परवडत असेल तर. ‘नाही’ म्हणणारी व्यक्ती दिवसाचे काही तास तरी तुम्ही नसाल आणि संध्याकाळी बाबांशेजारी तुम्ही फक्त मुलगी म्हणून बसू शकाल. मात्र मदतनिसाला वही आणि कप नीट समजावून द्या, दयेपोटी ग्लासभर पाणी देणारे हात नेमके तिथे भेटतात.

चौथा पर्याय डॉक्टरांकडे आहे. नुसतं पाणी कमी करून सगळ्यांचं सोडियम वर येत नाही. लघवी फार घट्ट असेल तर एक लिटरचं बंधन पाळूनही आकडा हलत नाही. वहीत बंधन नीट पाळल्याची नोंद असेल आणि तरी सोडियम वाढत नसेल, तर डॉक्टर मिठाच्या गोळ्या, त्यासोबत लघवीची गोळी, किंवा एडीएचचा परिणाम मूत्रपिंडावर अडवणारं टोलव्हॅप्टन यांचा विचार करू शकतात. टोलव्हॅप्टन रुग्णालयात भरती करून, वारंवार रक्त तपासत सुरू करतात, कारण सोडियम झपाट्याने चढणंही वाईट. चोवीस तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त चढू नये याची काळजी घेतात, नाहीतर मेंदूतल्या नसांवरच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ‘एकदाचं भरती करून सोडियम नॉर्मल करून टाका’ असा आग्रह धरू नका. बरेच दिवस खाली राहिलेलं सोडियम हळूहळूच वर आणावं लागतं. वही घेऊन गेलात तर हे बोलणं पाच मिनिटांत मुद्द्यावर येतं.

दरम्यान बाबा पुन्हा पडणार नाहीत हे बघा. सोडियम थोडंसं कमी असलं तरी चालण्यातला तोल आणि लक्ष ढळतं. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा, पायाखाली सरकणारं पायपुसणं नको, उठताना आधी पलंगावर पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, रात्रीपुरतं लघवीचं भांडं हाताशी.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, पायात पेटके, नेहमीपेक्षा जास्त झोप, बोलण्यात गोंधळ, यातलं काही नव्याने दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सोडियम तपासून घ्या. सारख्या उलट्या, आकडी, हाक मारून जागं न होणं, एकाएकी ओळख न पटणं, असं झालं तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा, आणि जाताना वही व सगळ्या गोळ्या बरोबर न्या. जुलाब-उलट्या झाल्या, ताप आला किंवा उकाड्याने घाम फार गेला, तर एक लिटरचा आकडा तसाच धरून ठेवू नका. त्या दिवसाचं माप डॉक्टरांना विचारून ठरवा. माणसागणिक हे माप बदलतं, म्हणून इतर वाचकांनी इथला एक लिटर उचलून आपल्या घरी लावू नये.

आता दादांविषयी. ते वाईट हेतूने बोलत नाहीत, लांबून त्यांना फक्त बाबांची विनवणी ऐकू येते. ११८ वर बाबांची जी अवस्था झाली होती ती तुम्ही पाहिली आहे, त्यांनी फोनवर ऐकली. त्यांच्याशी वाद घालू नका, काम द्या. वहीच्या पानाचा फोटो रोज रात्री त्यांना पाठवा, आठवड्याची बेरीज त्यांनी करायची. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या आणि ‘तहानलेलं ठेवायचं का’ हा प्रश्न त्यांनाच थेट डॉक्टरांना विचारू द्या. शक्य असेल तर त्यांनी महिन्यातून दोन दिवस येऊन बाटली सांभाळावी आणि तुम्ही त्या दिवशी घराबाहेर पडावं. हे तुम्हाला मागावं लागेल, ते आपणहून सुचणार नाही. मागताना अपराधी वाटून घेऊ नका.

आणि बाबांचा अबोला. तो मोडायला मोठं बोलणं नको. उद्या सकाळी कॉक उघडून द्या, बाटली आणि वही घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि विचारा, ‘बाबा, पहिला कप आत्ता की चहाबरोबर?’ उत्तर दिलं नाही तर परवा पुन्हा विचारा. पुढच्या रक्ततपासणीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख नसेल, तर उद्याचा पहिला फोन त्यासाठी आणि दुसरा उदासीची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना.